शहराची पट्टी आणि खेड्याची हमी
(नभोवाणीवरील भाषण)



करांविषयीं बोलावयास कोणी उभा राहिला, कीं ऐकणाऱ्याचा हात नकळत खिशाकडे जातो. परंतु आज मी ज्या कराविषयीं बोलणार आहें, तो आपणांपैकीं पुष्कळांच्या खिशांतून आधींच गेलेला असतो, आणि तो गेला हें बहुतेकांच्या लक्षांतहि येत नाहीं. पगाराच्या कागदावर भविष्य निर्वाह निधि, प्राप्तिकर अशा मोठ्या रकमांच्या शेजारीं 'व्यवसाय कर' अशी एक लहान ओळ असते. तिच्यापुढें दोनशें रुपयांचा आंकडा असतो, आणि फेब्रुवारींत मात्र तीनशेंचा. अकरा महिने दोनशें व एक महिना तीनशें मिळून वर्षाचे २,५०० रुपये होतात. "फेब्रुवारींतच शंभर अधिक कां?" असें माझे जुने विद्यार्थी मला विचारतात. उत्तर सोपें आहे: अडीच हजारांस बारांनीं सरळ भाग जात नाहीं, म्हणून उरलेली रक्कम एका महिन्यावर टाकली. पण अडीच हजारच कां, हजार कां नाहीं आणि पन्नास हजार कां नाहींत, ह्याचें उत्तर इतकें सोपें नाहीं. त्यासाठीं पावणेदोनशें वर्षें मागें जावें लागतें.

कोणत्याहि कराची परीक्षा करावयाची तर तीन प्रश्न विचारावे, असें मला वाटतें. तो कोणाकडून घेतला जातो? किती घेतला जातो? आणि घेतांना जें काम सांगितलें, त्याच कामीं तो लागतो काय? शहरांत चार पैसे अधिक मिळविणाऱ्यांवर बसलेल्या ह्या पट्टीचा इतिहास म्हणजे ह्या तीन प्रश्नांचाच इतिहास आहे; आणि त्यांतील तिसऱ्या प्रश्नाशीं, दुष्काळांत रस्त्याच्या कडेला खडी फोडीत बसलेल्या माणसाचें पोट बांधलेलें आहे.

पेशवाईंत, व त्यापूर्वींहि, शेतकऱ्याकडून जमिनीचा सारा घेत. आणि दुकानदार, कोष्टी, तेली, सोनार अशा धंदेवाल्यांकडून त्यांच्या धंद्याबद्दल जी पट्टी घेत, तिला मोहतर्फा म्हणत. माणसाचें उत्पन्न मोजणें कठीण. माग, घाणा किंवा दुकान मोजणें सोपें. म्हणून पट्टी उत्पन्नावर न बसतां साधनावर बसे. इंग्रजी अंमल आल्यावरहि ती कांहीं काळ चालू राहिली. पुढें १८४४ च्या एकोणिसाव्या कायद्यानें मुंबई इलाख्यांतील शहरजकाती, मोहतर्फा व बलुत्यांवरील पट्ट्या रद्द झाल्या. कारागिरानें सुटकेचा निःश्वास टाकावा अशीच ही गोष्ट होती. परंतु तिजोरीस पडलेली तूट भरून काढण्यासाठीं त्याच वर्षीं ह्या इलाख्यांतील मिठावरील कर मणामागें आठ आण्यांवरून एक रुपया करण्यांत आला. सुरतेचे लोक खवळले, दंगा झाला, आणि सरकारास तो बारा आण्यांवर आणावा लागला. येथें पहिला धडा मिळतो. धंद्यावरची पट्टी गेली, पण ओझें गेलें नाहीं. तें मिठाच्या वाटेनें प्रत्येकाच्या ताटांत येऊन पडलें. सावकार आणि मजूर दोघेहि मीठ सारखेंच खातात. किंबहुना घाम गाळणारा थोडें अधिकच खातो. ज्याच्यापाशीं आहे त्याच्याकडून न घेतलेला कर ज्याच्यापाशीं नाहीं त्याच्याकडे वळतो, ही गोष्ट तेव्हांपासून आजवर बदललेली नाहीं.

उत्पन्नावर सरळ कर बसविण्याचा ह्या देशांतील पहिला मोठा प्रयत्न १८६० सालचा. १८५७ च्या उठावानंतर सरकार कर्जांत बुडालें होतें. तें सांवरण्यासाठीं लंडनच्या 'इकॉनॉमिस्ट' ह्या पत्राचा संस्थापक जेम्स विल्सन ह्यास हिंदुस्थानचा अर्थमंत्री म्हणून पाठविण्यांत आलें. त्यानें वर्षास दोनशें ते पांचशें रुपये मिळविणाऱ्यावर शेंकडा दोन, आणि त्याहून अधिक मिळविणाऱ्यावर शेंकडा चार असा प्राप्तिकर बसविला. त्या चारांपैकीं एक रुपया रस्ते-कालव्यांसारख्या लोकोपयोगी कामांसाठीं राखावयाचा होता. म्हणजे अधिक मिळविणाऱ्याकडून घेऊन तो पैसा एका नेमक्या कामास बांधून ठेवावा, ही कल्पना आपल्याकडील प्राप्तिकराच्या जन्मापासूनच त्याच्यासोबत आहे. विल्सन त्याच वर्षीं ऑगस्ट महिन्यांत कलकत्त्यास वारला, आणि १८६५ सालीं त्याचा करहि संपला. पुढें १८६७ त परवान्याचा कर, १८६८ त दाखल्याचा कर, १८६९ त पुन्हां प्राप्तिकर, आणि १८७३ त कांहींच नाहीं, असा लपंडाव चालला. खर्च वाढला कीं कर यावा आणि ओरड वाढली कीं जावा, असा तो काळ होता.

त्यानंतर आला १८७६ ते १८७८ चा दुष्काळ. दख्खनच्या पठारावरील गांवेंच्या गांवें ओस पडलीं. सरकारनें दुष्काळी कामें काढलीं. पण सर रिचर्ड टेंपल ह्यानें मजुराची मजुरी एक पौंड धान्याच्या हिशेबावर आणून ठेवली, आणि मुंबई इलाख्यांत हजारों मजुरांनीं तीं कामें सोडलीं. पुण्याच्या सार्वजनिक सभेनें ह्या मजुरीविरुद्ध सरकारकडे अर्जांवर अर्ज केले. लक्षावधि माणसें दगावल्यावर सरकारास असें सुचलें, कीं दुष्काळ हा पाहुणा नसून नेहमींचा येणारा आहे, तेव्हां त्याची तरतूद दरसाल करून ठेवावी. अर्थमंत्री सर जॉन स्ट्रेची ह्यानें दुष्काळाच्या विम्यासाठीं दरसाल दीड कोट रुपये बाजूस टाकण्याची योजना मांडली, आणि त्या रकमेचा एक भाग उभा करण्यासाठीं १८७८ सालीं व्यापाऱ्यांवर व कारागिरांवर परवान्याचा कर बसविला.

ह्या करास आपले तीन प्रश्न लावून पाहा. कोणाकडून? लहान दुकानदारापासून कारागिरापर्यंत सर्वांकडून. पण मोठे पगार घेणारे सरकारी अधिकारी आणि वकील-डॉक्टरांसारखे व्यावसायिक ह्यांतून पूर्णपणें मुक्त होते. किती? पायऱ्या ठरलेल्या होत्या आणि वरच्या पायरीस मर्यादा होती. त्यामुळें लक्षाधीश पेढीवाल्यासहि त्या पायरीहून अधिक भरावें लागत नसे. सुरतेनें पुन्हां दुकानें बंद केलीं, दंगा झाला, गोळीबार झाला. आणि तिसरा प्रश्न, कशासाठीं? दुष्काळासाठीं म्हणून सांगितलेला कर बसतो न बसतो तोंच अफगाण युद्ध सुरू झालें, आणि युद्धाच्या त्या वर्षांत दुष्काळाची ती रक्कम बाजूस पडलीच नाहीं. कर मात्र वसूल होत राहिला. वर्तमानपत्रांनीं आणि सभांनीं ह्यास विश्वासघात म्हटलें. सरकारचें म्हणणें असें, कीं पैसा सर्व एकाच तिजोरींत येतो, त्यावर नांवें घालतां येत नाहींत. तिजोरीच्या दृष्टीनें हें खरेंहि असेल. पण ज्यानें दुष्काळाचें नांव ऐकून थैली सोडली, त्यास हें उत्तर पटणारें नव्हतें.

१८८६ च्या कायद्यानें ही विषमता पुष्कळ अंशीं दूर झाली. शेतीचें उत्पन्न सोडून बाकीच्या सर्व उत्पन्नावर, म्हणजे पगारावरहि, प्राप्तिकर बसला; वर्षास पांचशें रुपयांखालील उत्पन्न मोकळें राहिलें. तेव्हांपासून प्राप्तिकर ही मध्यवर्ती सरकारची कायमची मिळकत झाली. पण त्यामुळें एक नवा पेंच उभा राहिला. लॉर्ड रिपनच्या काळापासून नगरपालिकांचें काम वाढत होतें. दिवे, पाणी, शाळा, दवाखाने हीं त्यांच्याकडे आलीं. त्यांच्यापाशीं घरपट्टी होती, जकात होती, आणि जुन्या मोहतर्फ्याची आठवण देणारी धंदेपट्टीहि कायद्याच्या पुस्तकांत होती. आतां एकाच माणसाच्या उत्पन्नावर दिल्लीनेंहि हात ठेवावयाचा आणि त्याच्या गांवानेंहि ठेवावयाचा, तर गांवाचा हात कोठपर्यंत जाऊं द्यावा?

ह्या प्रश्नाचा निकाल १९३९-४० च्या सुमारास लागला, आणि तो ज्या प्रकारें लागला तो मोठा बोधप्रद आहे. १९३५ च्या कायद्यानें धंदे, व्यवसाय व नोकऱ्या ह्यांवरील कर प्रांतांच्या यादींत घातले होते. संयुक्त प्रांतांत गोविंद वल्लभ पंतांचें मंत्रिमंडळ होतें. त्यानें नोकरीवरील कर म्हणून मोठ्या पगारांवर चढत्या दरानें कर बसविण्याचें विधेयक आणलें. ज्याचा पगार मोठा त्याची पट्टी मोठी, हें त्याचें सूत्र. मोठ्या पगाराच्या जागा त्या काळीं बहुतांशीं कोणाकडे होत्या, हें सांगावयास नको. गलबला झाला, आणि १९४० सालीं ब्रिटिश पार्लमेंटनें १९३५ च्या कायद्यास एक नवें कलम जोडलें: अशा कराबद्दल कोणत्याहि एका माणसाकडून प्रांतास किंवा एका नगरपालिकेस वर्षाला पन्नास रुपयांहून अधिक घेतां येणार नाहींत. कर नाकारला नाहीं. त्याच्या डोक्यावर छप्पर घातलें, आणि तें इतकें खालीं घातलें, कीं त्याखालीं मोठ्या पगाराच्या माणसासहि लहानांइतकेंच वाकावें लागावें.

स्वतंत्र भारताच्या घटनेनें हें छप्पर मोडलें नाहीं, फक्त उंच केलें. घटनेचें २७६ वें कलम सांगतें, कीं राज्याचा किंवा स्थानिक संस्थेचा असा कर केवळ तो उत्पन्नावरील कर आहे ह्या कारणानें रद्द ठरणार नाहीं. पण एका व्यक्तीकडून वर्षास २५० रुपयांहून अधिक घेतां येणार नाहींत. १९८८ च्या साठाव्या घटनादुरुस्तीनें ह्या २५० चे २,५०० झाले. पगाराच्या कागदावरील अडीच हजार ते हेच. हा आंकडा आपल्या मिळकतीकडे पाहून कोणी काढलेला नाहीं. पन्नास, अडीचशें, अडीच हजार अशा तीन पायऱ्या चढून तो आपणांपर्यंत आलेला आहे, आणि १९८८ नंतर तो तेथेंच उभा आहे.

हें छप्पर कागदी नव्हतें, ह्याचा अनुभव आपल्या वऱ्हाडानेंच घेतला. अमरावती जिल्ह्यांतील धामणगांवच्या नगरपालिकेनें सरकी काढणें व गांठी बांधणें ह्या धंद्यावर कर बसविला होता. कापूस जितका अधिक, तितका कर अधिक, अशी त्याची रीत. कापसाचा गांव, कापसाचीच पट्टी. वरवर पाहतां न्याय्य वाटावी अशी गोष्ट. परंतु कारखान्याच्या मालकांनीं दावा लावला, आणि १९६५ सालीं सर्वोच्च न्यायालयानें निर्णय दिला, कीं घटनेच्या मर्यादेहून अधिक घेतलेली रक्कम बेकायदेशीर होय, व ती परत मागतां येते. मोठ्याकडून मोठें घ्यावें, ही स्थानिक संस्थेची वाट तेथें बंद झाली.

आतां ह्या कथेंतील मोठ्या प्रकरणाकडे येऊं. १९७० पासून महाराष्ट्रांत पावसानें ओढ दिली, आणि १९७२ सालीं दुष्काळानें राज्याचा मोठा भाग ग्रासला. नाशिक, नगर, पुणें, सोलापूर, मराठवाडा, सर्वत्र विहिरी आटल्या. १९७३ च्या मे महिन्यांत दुष्काळी कामांवर सुमारें पन्नास लक्ष माणसें होतीं. बांधावर एकेकाळीं उभें राहून मजुरांस हुकूम देणारा शेतकरीहि त्या वेळीं खडीच्या ढिगाशीं हातोडा घेऊन बसला. १८७७ च्या आणि १९७३ च्या कामांत एक मोठा फरक मात्र होता. ह्या वेळीं सरकार आपलें होतें, आणि मजुरास त्यास जाब विचारतां येत होता.

काम मागणाऱ्यास काम देणें ही सरकारची कृपा नसून त्या माणसाचा हक्क आहे, असें म्हणणारा एक गृहस्थ त्यापूर्वींपासूनच विधिमंडळांत होता. विधान परिषदेचे सभापति वि. स. पागे ह्यांनीं १९६५ सालीं सांगली जिल्ह्यांतील तासगांव तालुक्यांत ह्या कल्पनेचा लहानसा प्रयोग करवून घेतला होता. वसंतराव नाईक मुख्यमंत्री असतांना १९७२ सालीं रोजगार हमी योजना सुरू झाली. खेड्यांतील प्रौढ स्त्री-पुरुषानें अंगमेहनतीचें काम मागितलें, कीं पंधरा दिवसांच्या आंत तें द्यावयाचें. न दिल्यास बेकारीचा भत्ता द्यावयाचा. १९७७ सालीं तिचा कायदा विधिमंडळानें मंजूर केला, आणि १९७९ च्या २६ जानेवारीस तो अमलांत आला.

हक्क दिला म्हणजे पैसा आणावा लागतो. तो कोठून आणावयाचा? येथें आपला व्यवसाय कर रंगभूमीवर येतो. १ एप्रिल १९७५ पासून महाराष्ट्रांत धंदे, व्यवसाय, पेशे व नोकऱ्या ह्यांवर राज्याचा कर सुरू झाला. त्याच्या जोडीस मोटारगाड्या व विक्री ह्यांवरील जादा कर, बागायती जमिनीवरील पट्टी, शहरांतील राहण्याव्यतिरिक्तच्या इमारतींवरील पट्टी, असे करहि होते. आणि ह्या करांतून जितकें येईल, तितकीच भर सरकारनें आपल्या तिजोरींतून घालावयाची असें ठरलें. ह्या सर्वांत मोठा वाटा व्यवसाय कराचा, आणि त्यांतहि मोठा भाग मुंबईचा. म्हणजे फोर्टांतील कचेरींत बसलेल्या कारकुनाच्या पगारांतून कापलेला रुपया सिन्नरच्या किंवा आष्टीच्या माळावर पाझर तलावाची माती होऊन पडत होता. दोघांनीं एकमेकांस कधीं पाहिलें नाहीं. पण एका कायद्यानें त्यांची गांठ बांधली होती.

शहरानें हें ओझें फारशी तक्रार न करतां कां घेतलें, ह्याचा विचार करण्यासारखा आहे. दया हें एक कारण असेल. दुष्काळाच्या बातम्या घरोघर पोंचलेल्या होत्या. पण दुसरें कारण अधिक व्यवहाराचें होतें. खेड्यांत काम नसलें म्हणजे माणूस गाडींत बसून मुंबईस येतो, आणि फूटपाथावर पथारी पसरतो. त्यास त्याच्याच गांवीं काम मिळणें हें शहराच्याहि हिताचें होतें. ह्या योजनेंत स्त्रियांनीं मोठ्या संख्येनें काम मागितलें, ही तिची आणखी एक मोठी मिळकत. घरापासून जवळ, स्वतःच्या नांवावर मजुरी, आणि कोणा मालकाच्या मर्जीची गरज नाहीं, हें त्यांतील पुष्कळजणींनीं आयुष्यांत प्रथमच अनुभवलें. बंधारे झाले, रस्ते झाले, पाझर तलाव झाले. १९९० पासून फळबागांचीहि त्यांत भर पडली. २००५ सालीं केंद्र सरकारनें ग्रामीण रोजगाराचा राष्ट्रीय कायदा करून वर्षास शंभर दिवसांच्या कामाची हमी दिली, तेव्हां डोळ्यांपुढें महाराष्ट्राचाच कित्ता होता.

परंतु इतिहास सांगतांना एकच बाजू सांगणें बरें नव्हे. हजेरीपटावरील खोटीं नांवें, उशिरा मिळणारी मजुरी, अर्धवट राहिलेलीं कामें ह्यांच्या तक्रारी ह्या योजनेच्या पाठीशीं सतत लागलेल्या आहेत. आणि रोजगारासाठीं म्हणून वसूल झालेला सर्व पैसा रोजगारावर खर्च होतो काय, हा प्रश्नहि विधिमंडळांत व बाहेर पुन्हां पुन्हां विचारला गेला आहे. श्रोत्यांस येथें १८७८ ची आठवण झाल्यावांचून राहणार नाहीं. नांव घालून घेतलेला पैसा त्या नांवानें खर्च व्हावा, ही अपेक्षा तेव्हांहि रास्त होती आणि आतांहि आहे. फरक इतकाच, कीं तेव्हां सभांना अर्ज करावे लागत; आतां मत आहे, माहिती मागण्याचा अधिकार आहे.

आतां कांहीं अंकगणित करूं. शाळेंत मीं फळ्यावर पुष्कळ व्याजाचीं व शेंकड्यांचीं उदाहरणें घातलीं; त्यांतलेंच हें एक समजा. ह्या करांत पुरुषास महिना ७,५०० रुपयांपर्यंत माफी आहे. स्त्रियांची माफीची मर्यादा २०२३ पासून २५,००० रुपये झाली आहे. ७,५०० च्या वर व १०,००० पर्यंत महिना १७५ रुपये, आणि त्यापुढें कितीहि पगार असो, वर्षास २,५०० रुपये. आतां ज्या पुरुषाचा पगार दहा हजारांच्या थोडा वर आहे, त्याचें वर्षाचें उत्पन्न सुमारें एक लाख वीस हजार. त्यास शेंकडा दोन रुपयांहून किंचित अधिक पडतात. ज्याचा पगार महिना एक लाख, त्यास शेंकडा एकवीस पैसे. आणि ज्याचा पगार महिना दहा लाख, त्यास शेंकडा अवघे दोन पैसे. कायद्यानें नोंदलेली कंपनी, तिची उलाढाल कोट्यवधींची असली तरी, आपल्या नांवानें भरते ते अडीच हजारच. कामगारांच्या पगारांतून कापून ती जें भरते, तें कामगारांचें.

म्हणजे अधिक मिळविणाऱ्यांवरील कर म्हणून जो जन्मला, तो छपराखालीं वाढून प्रत्यक्षांत थोडें मिळविणाऱ्यावर जड आणि पुष्कळ मिळविणाऱ्यावर हलका असा झाला. ह्यांत कोणा एका मंत्र्याचा दोष नाहीं. १९४० सालच्या त्या कलमाची छाया अद्याप पडलेली आहे. चौदाव्या वित्त आयोगानें ही मर्यादा बारा हजारांपर्यंत, आणि पंधराव्या आयोगानें अठरा हजारांपर्यंत वाढवावी अशी शिफारस केली. त्यासाठीं घटना बदलावी लागते.

आमच्या देवळालीकडे पाहिलें म्हणजे ह्या कराचे सर्व बारकावे एकाच बाजारांत दिसतात. १८६१ च्या सुमारास येथें गोऱ्या पलटणींचा तळ पडला, आणि स्वातंत्र्यानंतर तोफखान्याचें विद्यालय येथें आलें. गणवेशांतील सैनिकास ह्या राज्याचा व्यवसाय कर माफ आहे. त्याच रस्त्यावरील औषधाच्या दुकानदारास तो आहे. जवळच नाशिकरोडला नोटांचा छापखाना आहे. रोज कोट्यवधींच्या नोटा हाताळणारा कामगारहि महिन्याकांठीं आपल्या दोनशें रुपयांस मुकतो. वयाचीं पासष्ट वर्षें पूर्ण केलेल्यास कर नाहीं, आणि मजसारख्याच्या निवृत्तिवेतनावरहि नाहीं. छावणी मंडळांच्या २००६ च्या कायद्यांत मालमत्तेवरील कराबरोबर धंदे व नोकऱ्यांवरील कराचीहि, केंद्र सरकारच्या पूर्वमंजुरीनें, तरतूद आहे. १९७५ च्या राज्याच्या कायद्यानें नगरपालिकांकडून हा कर काढून घेतला आणि त्यांची तूट अनुदानानें भरून देण्याचें ठरविलें. म्हणजे मुळांत गांवाची असलेली पट्टी राज्याची झाली. छावणीच्या कायद्याच्या पुस्तकांत मात्र ती अजून गांवाच्या नांवानें लिहिलेली आहे.

हाच प्रश्न इतर देशांत कसा सोडविला जातो, हें पाहिलें म्हणजे आपला मार्ग अधिक स्पष्ट दिसतो. अमेरिकेच्या ओरेगॉन राज्यांत पोर्टलँड नांवाचें शहर आहे. तेथें बेघर माणसांची संख्या वाढली, तेव्हां २०२० च्या मे महिन्यांत त्या महानगरांतील मतदारांनीं एक कर मंजूर केला. एकट्या माणसाचें करपात्र उत्पन्न वर्षास सव्वा लाख डॉलरांहून, किंवा जोडप्याचें दोन लाख डॉलरांहून अधिक असेल, तर वरच्या रकमेवर शेंकडा एक. तो पैसा बेघरांस निवारा व आधार देण्याच्या कामीं. तेथें खालीं मर्यादा आहे, वर नाहीं. आपल्याकडे वर मर्यादा आहे, आणि खालची इतकी खालीं, कीं साधा कामगारहि तिच्या आंत सांपडतो. तेथें लोकांनीं स्वतः मत देऊन कर घेतला. आपल्याकडे तो विधिमंडळानें बसविला, आणि पुढच्या पिढीस तो कशासाठीं बसविला हेंच कोणी सांगितलें नाहीं. मात्र एक गोष्ट आपली अधिक मोठी आहे. त्यांनीं आपल्याच शहरांतील गरिबांसाठीं पट्टी दिली. आपण शहरानें खेड्यासाठीं दिली.

म्हणून माझें सांगणें इतकेंच आहे. आपल्या घरांतील मिळवता मुलगा, सून किंवा मुलगी पगाराचा कागद घेऊन बसेल, तेव्हां त्या लहानशा ओळीवर एकदां बोट ठेवावें. मिठावरील कर, सुरतेची बंद दुकानें, पार्लमेंटनें घातलेलें पन्नासांचें छप्पर, धामणगांवचा कापूस आणि १९७३ च्या उन्हांत खडी फोडणारे पन्नास लक्ष हात, हें सर्व त्या दोनशें रुपयांच्या पाठीमागें आहे. कर किती असावा, ह्याविषयीं आपलें मत कांहींहि असो. कोणी अठरा हजार म्हणेल, कोणी अडीच हजारहि नकोत म्हणेल. पण जो कर आपण कशासाठीं देतों हेंच आपणांस ठाऊक नाहीं, त्याचा हिशेब आपण कधींच मागणार नाहीं. आणि हिशेब मागणारा कोणी नसला, म्हणजे माळावर काम मागावयास आलेल्या बाईस "उद्यां या" म्हणणें फार सोपें होतें. तिच्या वतीनें विचारण्याचा अधिकार शहरांतील माणसानें दरमहा पैसे मोजून मिळविलेला आहे. तो त्यानें वापरावा.